काळपट सागवानी कपाटाला फिका रंग: आतला लाल वर येऊ नये म्हणून

आईच्या माहेरून आलेलं सागवानी कपाट आमच्या बेडरूममध्ये उभं केलं आणि खोलीतला निम्मा उजेड गेल्यासारखं झालं. सहा फूट उंच, चार फूट रुंद, वर्षानुवर्षं पॉलिशवर पॉलिश चढून जवळजवळ काळं पडलेलं. त्याला फिका रंग द्यायचं मी ठरवलं. वरवर घासलं, पाण्यातला इनॅमल आणला आणि दोन हात मारले. संध्याकाळी कपाट फार देखणं दिसत होतं. तिसऱ्या दिवशी दोन्ही दारांवर चहा सांडल्यासारखे पिवळट-तपकिरी डाग उमटले. वर आणखी एक हात दिला, तर डाग त्यातूनही वर आले. महिनाभरात कडीजवळचा रंग नखाने सालासारखा निघायला लागला.

मग सगळं खरवडून काढलं आणि कपाट पहिल्यापासून पुन्हा केलं. त्याला आता चार वर्षं झाली. एकही डाग नाही, एकही पोपडा नाही. दोन्ही वेळा रंग त्याच कंपनीचा होता, छटाही तीच. बदललं ते रंगाच्या खालचं काम. म्हणून या लेखात रंग मारण्याबद्दल थोडं आणि त्याआधीच्या दिवसांबद्दल पुष्कळ लिहिलं आहे.

डाग येतात कुठून

सागाच्या लाकडात टॅनिन आणि इतर रंगीत द्रव्यं असतात. त्यातली काही पाण्यात विरघळतात. पाण्यातला रंग लावला की त्यातलं पाणी लाकडात मुरतं, ही द्रव्यं सोडवतं आणि वाळताना त्यांना घेऊन वर येतं. पाणी उडून जातं, तपकिरी डाग पांढऱ्यात अडकून राहतो. चॉकलेटी रंगाखाली हेच घडतं, फक्त दिसत नाही.

जुन्या पॉलिशची त्यात भर पडते. लाकडाची छिद्रं बुजवायला पॉलिशवाले खडूच्या भुकटीत गेरू, पिवळी माती मिसळत. पॉलिशमध्येही लाल-तपकिरी रंग घालत, म्हणजे वेगवेगळ्या फळ्या एकसारख्या दिसाव्यात. तो लालही वर चढतो. त्यावर पाण्यातल्याच रंगाचे कितीही हात मारा, प्रत्येक हात लाकडाला नव्याने पाणी पाजतो. मधे एक थर असा हवा जो पाण्यात विरघळणार नाही.

रंग सुटण्याचं कारण वेगळं आहे. हाताचा घाम, डोक्याचं खोबरेल, फोडणीचा धूर, देवघरातल्या समईची काजळी, वर्षानुवर्षं पुसलेलं मेणाचं फर्निचर पॉलिश यांचा एक न दिसणारा पापुद्रा लाकडावर बसलेला असतो. रंग चिकटतो तो त्या पापुद्र्याला, लाकडाला नाही.

आधी एकदा थांबून पाहा

शिसवी लाकूड, कोरीवकाम असलेला झोपाळा, घाटदार पायांची जुनी टेबलं यांना कृपा करून रंग लावू नका. कोरीवकामात शिरलेला रंग पुन्हा पूर्ण निघत नाही. साध्या सपाट सागवानी फर्निचरच्या बाबतीतही मागच्या बाजूला वीतभर जागा स्पिरिटने साफ करून पाहा. काळेपणा पुष्कळदा लाकडाचा नसतोच, जुन्या पॉलिशचा आणि मळाचा असतो. खालून मधासारखा साग निघाला आणि तो तुम्हाला आवडला, तर रंगाचा विचार सोडा, नुसतं नितळ पॉलिश करून घ्या. आमच्या कपाटाच्या दोन फळ्या बदललेल्या होत्या, एका दारावर पाण्याचे काळे डाग होते आणि खालची पट्टी चक्क दुसऱ्याच लाकडाची होती. त्यामुळे रंग लावायचा निर्णय सोपा झाला.

लाकडातून पिठासारखा भुस्सा पडत असेल तर भुंगा लागलेला आहे. आधी त्याचा बंदोबस्त करा. छिद्रांत औषध सोडून ते पूर्ण वाळू द्या, नवा भुस्सा पडत नाही हे आठ-पंधरा दिवस पाहा आणि मगच कामाला हात घाला.

पावसाळ्यात हे काम काढू नका. कोकणात आणि गोव्यात तर नाहीच. दमट हवेत लाकूड फुगलेलं असतं, रंग नीट वाळत नाही आणि चपड्यावर (लाखेच्या पॉलिशवर) पांढुरका धुरकटपणा येतो. दिवाळी झाल्यानंतरचे कोरडे दिवस सगळ्यात चांगले.

वर काय लावलेलं आहे ते ओळखा

मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मिनिटभर दाबून धरा. जागा चिकट झाली आणि बोळ्यावर तपकिरी रंग आला तर ते चपड्याचं जुनं पॉलिश, म्हणजे फ्रेंच पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही तर एनसी थिनरचा (लॅकर पातळ करायच्या द्रावणाचा) बोळा लावा. आता थर मऊ पडला तर लॅकर असावं. दोन्हींना दाद दिली नाही तर बहुधा मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ही कडक पॉलिशं.

लाकूड मुळीच दिसत नसेल आणि वर जुना ऑइल पेंट असेल तर जास्त जपायला हवं. घरगुती रंगांमध्ये शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासून धूळ उडवू नका. वॉटर पेपर आणि पाण्याने ओलाच घासा, चिखल फडक्याने टिपून पिशवीत भरून टाका, आणि लहान मुलं व गरोदर बाई घरात असेल तर हे काम घराबाहेर करा.

सामान

आमच्या कपाटाचं बाहेरचं अंग, म्हणजे पुढचा भाग, दोन्ही बाजू आणि वरची फळी, साधारण ५० चौरस फूट भरतं. तेवढ्यासाठी हे लागलं: पाव किलो चपडा, दोन लिटर स्पिरिट (एक साफसफाईला, एक चपड्याला), एक लिटर पाण्यातला पांढरा वूड प्रायमर (रंगाखालचं अस्तर), दीड लिटर पाण्यातला इनॅमल, थोडी लाकडाची लांबी (भेगा आणि भोकं भरायचा लगदा), आणि १२०, १८०, २२० व ३२० नंबरचे सँडपेपर. चार इंची बारीक फोमचा रोलर, दोन इंची सिंथेटिक केसांचा ब्रश, मास्किंग टेप, जुन्या सुती बनियनची फडकी. धुळीसाठी एन-९५ मास्क घ्याच. सागाची बारीक धूळ नाका-घशाला झोंबते आणि काहींच्या अंगावर पुरळही उठतं.

प्रायमर घेताना पांढरा मागून घ्या. लाकडासाठी दुकानात गुलाबी प्रायमरही सर्रास मिळतो. गडद रंगाखाली तो चालतो, पण फिक्या रंगाखाली त्याची छटा झाकण्यात एक जादा हात जातो.

पहिला दिवस: उकलणं आणि धुणं

दारं बिजागऱ्यांसकट उतरवा. कुठलं दार कुठलं, कुठला खण कुठला, हे टेपवर नंबर घालून लिहा. स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा. जुन्या फर्निचरमध्ये प्रत्येक दार आपल्याच जागी बसतं. मुठी पितळी असतील तर चिंच-मिठाने घासून ठेवा, फिक्या रंगावर त्या फार शोभून दिसतात.

मग भांड्यांच्या साबणाचं कोमट पाणी करा, फडकं घट्ट पिळून त्याने सगळं पुसा आणि लगेच साध्या ओल्या फडक्याने पुसून घ्या. लाकूड भिजवायचं नाही. मुठींच्या आसपास आणि दारांच्या कडांवर हिरव्या घासणीने दोन-तीनदा घासा. तारेची घासणी वापरू नका. तिचे बारीक तुकडे लाकडाच्या रेषांत अडकतात आणि पाण्यातल्या रंगाखाली गंजून तपकिरी ठिपके देतात. मेणाचं पॉलिश लावत आला असाल तर टर्पेंटाइनच्या फडक्याने पुन्हा पुसा आणि फडकं सारखं पालटत राहा, नाहीतर मेण नुसतं इकडचं तिकडे होतं.

मुळात चपड्याचं पॉलिश असेल तर त्याच दिवशी स्पिरिटने जाड थर उतरवा. फूटभर जागा ओली करायची, मिनिटभर थांबायचं, घासणीने घासायचं आणि सुटलेला लाल चिकटा फडक्याने टिपायचा. सगळं लाकूड कोरं करायची गरज नाही. मी मात्र पहिल्या खेपेला ही पायरी गाळली होती आणि त्याची किंमत मोजली. स्पिरिट भडकन पेट घेतं. खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवापुढचा दिवा आणि उदबत्तीही नको.

दुसरा दिवस: घासणं आणि लांबी

घासण्याचा उद्देश लाकूड सोलणं हा नाही. चकाकी मोडायची आणि पुढच्या थराला धरायला खरखर द्यायची, एवढंच. जिथे पॉलिशचे ओघळ किंवा पोपडे आहेत तिथे १२० नंबर, बाकी सगळीकडे १८०, शेवटी २२०. सपाट जागी पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळा. हात लाकडाच्या रेषांच्या दिशेने जाऊ द्या. आडवं घासलेले ओरखडे फिक्या रंगात फार दिसतात. उन्हात तिरपं पाहिलं की कुठेही चकाकणारा पट्टा दिसता कामा नये.

प्लायवर सागाचा पापुद्रा लावलेलं फर्निचर असेल तर १२० नंबर हातातही घेऊ नका. तो पापुद्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, कडेला क्षणात फाटतो.

आता भेगा आणि खिळ्यांची भोकं. भिंतीची पुट्टी इथे चालत नाही. ती कडक आणि ठिसूळ असते, लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं आणि पुट्टी तडकते. लाकडासाठी मिळते तीच लांबी घ्या. खोल भोक एकदम भरू नका, दोनदा भरा. वाळल्यावर लांबी थोडी बसते. लोखंडी खिळ्यांची डोकी दिसत असतील तर ठोकून आत घाला आणि वरून लांबी भरा. लोखंड, टॅनिन आणि पाणी एकत्र आले की काळा-निळा डाग पडतो, आणि तो पांढऱ्यावर शाईच्या थेंबासारखा दिसतो.

सागाच्या उभ्या रेषा रंगातूनही थोड्या जाणवतात. अगदी काचेसारखं गुळगुळीत अंग हवं असेल तर सगळ्या पृष्ठभागावर लांबीचा पातळ हात ओढून पुन्हा घासावं लागतं. मी तसं केलं नाही. रंगाखालून ते लाकूड आहे हे हाताला कळावं असं मला वाटतं.

तिसरा दिवस: चपडा

पॉलिशच्या कामात पिढ्यान्‌पिढ्या वापरला जाणारा चपडा म्हणजे लाखेच्या किड्याने झाडाच्या फांदीवर सोडलेल्या राळेची शुद्ध केलेली पत्री. तो स्पिरिटमध्ये विरघळतो, पाण्यात नाही. टर्पेंटाइनमध्येही नाही. आपल्याला हवा तो मधला थर नेमका हाच. सागातलं टॅनिन आणि पॉलिशमधला लाल खाली बंद राहतो, आणि वरच्या पाण्यातल्या प्रायमरमुळे चपडा सुटत नाही.

आदल्या रात्री एक लिटर स्पिरिटमध्ये २०० ग्रॅम चपडा भिजत घाला. बरणी काचेची किंवा प्लास्टिकची घ्या. लोखंडी डब्यात चपडा काळवंडतो. मधून मधून हलवा. विरघळल्यावर बरणी न हलवता काही तास ठेवली की तळाशी ढगाळ गाळ बसतो. तो चपड्यातला मेणाचा भाग. वरचं नितळ द्रावण हलक्या हाताने दुसऱ्या बरणीत ओतून घ्या आणि तेच वापरा. मेण वर राहिलं तर पाण्यातला रंग त्यावर नीट धरत नाही. गाळ फेकू नका, खण सरकण्याच्या पट्ट्यांना लावायला उपयोगी पडतो.

चपडा जुना असेल तर वाळतच नाही. काचेवर एक थेंब ठेवा. दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटत असेल तर तो टाकून द्या आणि ताजा आणा.

लावताना ब्रश फारसा भरू नका आणि वेगाने, एकाच दिशेने हात ओढा. एकदा ओढलेल्या जागेवर परत फिरायचं नाही. चपड्याच्या जुन्या पॉलिशवर हे विशेष सांभाळा, कारण नव्या हातातलं स्पिरिट खालचा लाल सोडवतं आणि ब्रश मागे-पुढे फिरला की तो सगळा वर मिसळतो. पहिला हात लालसर दिसला तर घाबरू नका. अर्ध्या-पाऊण तासात तो हाताला कोरडा लागतो. दोन तासांनी दुसरा हात द्या. गाठींवर, लांबी भरलेल्या जागांवर आणि फळ्यांच्या कापलेल्या टोकांवर तिसरा. रात्रभर वाळू द्या आणि सकाळी ३२० नंबरने हलकेच, पांढरी भुकटी पडेल इतकंच घासा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. चपड्यावर थिनरमधला कुठलाही रंग किंवा प्रायमर, डुकोसारखा, लावू नका. थिनरने चपड्याचा थर सुटतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

चपडा करत बसायचा नसेल तर टर्पेंटाइनमधल्या पांढऱ्या वूड प्रायमरचे दोन हात, प्रत्येकाला पूर्ण २४ तास वाळवून, असा दुसरा मार्ग आहे. साध्या सागावर त्याने निभावतं. खूप लाल पॉलिश असलेल्या जुन्या वस्तूवर मी त्याच्या भरवशावर राहणार नाही.

चौथा दिवस: अस्तर आणि एक रात्र

प्रायमरचा पहिला हात फोम रोलरने पातळ द्या. तो ठिपक्याठिपक्यांचा, खालचा काळपट दाखवणारा असेल. असू द्या. झाकण्याच्या नादात जाड थर दिला की ओघळ येतात. चार-पाच तासांनी दुसरा हात द्या आणि काम थांबवा.

ही रात्र गाळू नका. डाग यायचे असतील तर ते आता येतात, आणि आताच त्यांचा इलाज सोपा असतो. सकाळच्या उजेडात प्रत्येक फळी बघा. कुठे पिवळट छाया दिसली तर त्या जागेवर चपड्याचा एक हात, दोन तास विश्रांती आणि वर पुन्हा प्रायमर. डागावर नुसता प्रायमरचा तिसरा हात देणं ही माझी जुनी चूक होती. माझ्या कपाटावर दुसऱ्या खेपेला एकच डाग आला, उजव्या दारावरच्या गाठीपाशी.

रंग कोणता

टर्पेंटाइनमधला ऑइल पेंट कडक होतो, सुरेख पसरतो, पण पांढरा असेल तर काही वर्षांत पिवळा पडतो, आणि उजेड कमी असलेल्या जागी जास्तच. फिक्या रंगासाठी पाण्यातला इनॅमलच घ्या. वासही सोसण्यासारखा असतो.

शुद्ध पांढरा मला फर्निचरवर रुक्ष वाटतो. शिवाय तो खालचा गडदपणा झाकायला कमी पडतो. पांढऱ्यात किंचित पिवळी माती किंवा राखाडी मिसळलेली छटा, म्हणजे ताकाचा, साईचा, ओल्या राखेचा रंग, एक हात कमी घेते आणि डोळ्यांनाही निवांत वाटते. फूटभर प्लायच्या तुकड्यावर छटा लावून खोलीत उभी करा. सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहा. दुकानातल्या कार्डावरचा साई रंग पांढऱ्या एलईडीखाली हिरवट दिसू शकतो.

चकाकी मध्यम ठेवा, सॅटिन. पूर्ण ग्लॉसमध्ये जुन्या लाकडाचा प्रत्येक खड्डा दिसतो, मॅटवर बोटांचे ठसे बसतात.

रंगाचे हात

प्रायमर ३२० नंबरने हलका घासा, ओलसर फडक्याने धूळ टिपा, पंखा बंद करा. पंख्याने धूळ बसते आणि रंग लवकर ओढला जाऊन ब्रशच्या रेषा तशाच राहतात. डब्यावर सांगितलं असेल त्यापेक्षा जास्त पाणी घालू नका.

दारात चौकट आणि मधली फळी असेल तर आधी फळीभोवतीची नक्षीची कड ब्रशने, मग फळी रोलरने, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या. प्रत्येक भाग रोलरने झाला की कोरडा ब्रश अगदी हलक्या हाताने एकदा वरून खाली ओढा, म्हणजे रोलरचे ठिपके मिटतात. दोन हातांमध्ये चार ते सहा तास आणि ३२० नंबरची हलकी घासणी. काळ्यावरून फिक्यावर येताना तीन हात धरून चाला.

आतल्या बाजूला मी रंग लावला नाही. कपाट उघडल्यावर आत सागाचा तपकिरी दिसतो आणि बाहेर ताकाचा रंग, हे आईलाही आवडलं. आत फक्त चपड्याचा एक हात दिला. वाळल्यावर त्याला वास राहत नाही, त्यामुळे कपडे ठेवायला त्रास नाही.

सनमायका असेल तर

सनमायक्यातून टॅनिन येत नाही, त्यामुळे डागांची काळजी नाही. तिथे अडचण फक्त पकडीची. सुटलेल्या कडा आधी चिकटवून घ्या, २२० नंबरने चकाकी पूर्ण मोडा आणि गुळगुळीत पृष्ठभागावर धरणारा प्रायमरच मागून घ्या. एका कोपऱ्यावर लावून आठ दिवस थांबा. चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढली आणि रंग तिच्याबरोबर आला नाही, तरच पुढे जा.

वाळल्यानंतर

हाताला कोरडा लागलेला रंग अजून कच्चाच असतो. पूर्ण कडक व्हायला तीन आठवडे तरी लागतात. दारं दोन-तीन दिवसांनी लावा आणि पहिला आठवडा रात्री किंचित उघडी ठेवा, नाहीतर दार चौकटीला चिकटतं आणि ओढताना रंगाचा तुकडा निघतो. नंतर दार जिथे टेकतं त्या कडांवर पांढरी मेणबत्ती एकदा घासा. वरच्या फळीवर महिनाभर बॅग किंवा वर्तमानपत्र ठेवू नका, शाई रंगात उतरते. पुसायला ओलसर मऊ फडकं पुरे.

उरलेला रंग छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा आणि वर छटेचा नंबर व तारीख लिहा. कोपरा टवकला तर बारीक ब्रशने तेवढाच भरता येतो. आणि कपाट भिंतीला लावण्याआधी मागच्या फळीवर मी पेन्सिलने लिहून ठेवलं आहे: खाली चपड्याचे दोन हात, वर पाण्यातलं अस्तर, मग पाण्यातला इनॅमल, उतरवायचं झाल्यास आधी घासावं, मग स्पिरिट.